मुलांची यंत्रे, आपले प्रश्न
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



हल्ली आपली मुले शाळेतून येतात ती तारा, बॅटऱ्या आणि लहानसहान दिवे यांच्याच गोष्टी बोलत येतात. हे खूळ आहे की विद्या, आणि त्यात आपण बायकांनी लक्ष घालावे असे काही आहे काय, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

या यंत्रांचा जीव असतो संवेदक. इंग्रजीत त्याला सेन्सर म्हणतात. नाव जड असले तरी गोष्ट सोपी आहे. तवा तापला की नाही हे आपण पाण्याचा शिंतोडा मारून पाहतो. पोराला ताप आहे का हे कपाळाला हात लावून ओळखतो. आपले हात, डोळे, नाक हेच आपले संवेदक. यंत्राच्या ठिकाणी हे काम बहुधा विजेवर होते. ऊन, ओल, उजेड किंवा वायू यांमुळे विजेच्या प्रवाहात फरक पडतो. तो फरक यंत्र ओळखते आणि दिवा लावते किंवा घंटा वाजवते.

एक घरगुती उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालाव्यात आणि आपण आत कामात असताना वळवाची सर यावी, हे दुःख आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे! यावर उपाय असा: तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना न चिकटवता शेजारी शेजारी बसवायच्या. कोरड्या असताना वीज एकीवरून दुसरीवर जात नाही. थेंब पडले की तिला वाट मिळते. तो प्रवाह अगदी थोडा असतो. तो वाढवणारा एक लहानसा भाग जोडला की घरात घंटा वाजते. पाण्याच्या टाकीचे यंत्र निराळे. ते टाकीच्या तोंडाशी बसते आणि आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती खाली आहे हे कळते.

अशी कामे मुलांनी गटागटाने करावीत म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन सुरू केले. त्यातून शाळांना प्रयोगशाळा उभारण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सहावी ते बारावीची मुले तेथे स्वतःच्या हाताने यंत्रे करतात. महाविद्यालयांसाठी २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन नावाची स्पर्धा होते. तीत सरकारी खाती आणि कारखाने आपल्या अडचणी मांडतात आणि सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट त्यांची उत्तरे शोधतात.

पण आपल्या महाराष्ट्राला ही वाट पूर्वीपासून ठाऊक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता शिकावे, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची शिकवण. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही विभागांत मुलांनी आणि मुलींनी सारखेच काम करायचे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब नावाची कार्यशाळा प्रथम काढली ती २००२ साली या पाबळातच. एका खेड्याला हा मान मिळाला, कारण तेथे सोडवायला खरे प्रश्न होते.

कारखान्यातल्या जाणत्या माणसाची यात काय गरज, असे कोणी विचारील. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारे यंत्र घ्या. मुले ते हौसेने उंच भिंतीवर लावतील. जाणता माणूस सांगेल, "बाळांनो, हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, यंत्र जमिनीलगत लावा." एवढ्या एका वाक्याने घर वाचते. अमेरिकेत राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या गीतांजली राव या मुलीचे उदाहरण पाहा. फ्लिंट नावाच्या शहरात पिण्याच्या पाण्यात शिसे उतरल्याचे तिने ऐकले आणि ते शिसे ओळखणारे यंत्र योजले. थ्रीएम या कंपनीच्या स्पर्धेत तिला त्या कंपनीच्या शास्त्रज्ञांचे मार्गदर्शन लाभले आणि २०१७ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, तिने पहिला क्रमांक मिळवला. बुद्धी तिची, अनुभव कारखान्याचा. पण आरंभ झाला तो दुसऱ्यांच्या घरातल्या पाण्याच्या काळजीतून.

भगिनींनो, माझे मुख्य सांगणे येथेच आहे. मघाशी सांगितलेल्या स्पर्धेत सहा जणांच्या गटात निदान एक मुलगी असलीच पाहिजे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण तो करावा लागला, हे विचार करण्यासारखे आहे. गटातल्या त्या एका मुलीच्या वाट्याला पुष्कळदा तक्ता रंगवणे आणि पाहुण्यांना माहिती सांगणे एवढेच येते. तारा जोडतो मुलगा. आणि घरी? मुलगा उशिरा आला तर तो अभ्यास. मुलगी उशिरा आली तर पाणी कोण भरणार, भाकऱ्या कोण थापणार, हा प्रश्न आधी पुढे येतो. तिच्या हातात पकड देणे शाळेचे काम असेल, पण तिची संध्याकाळ मोकळी करणे आपल्याच हाती आहे.

दुसरी गोष्ट अशी की, पुष्कळ यंत्रे प्रदर्शनापुरतीच जगतात. बक्षीस मिळते, टाळ्या पडतात आणि यंत्र कपाटात जाते. कारण ते कोणाच्या गरजेचे नसते. गरज कोणाला हे आपल्याला ठाऊक आहे. नळ अवेळी येऊन टाकी वाहून जाते. बोअर कोरडी पडून मोटार जळते. कणगीतल्या ज्वारीला ओल लागून कीड पडते. हे प्रश्न पुस्तकात नाहीत, आपल्या संसारात आहेत.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मंडळाने एक वही ठेवावी. ज्या बाईला जी रोजची अडचण असेल ती तिने तीत लिहावी, लिहिता येत नसेल तर सांगून लिहवावी, आणि दर सहामाहीला ती वही शाळेच्या गुरुजींकडे द्यावी. दुसरी, मुलांनी केलेले यंत्र सभासदांनी महिनाभर आपल्या घरी वापरून पाहावे आणि ते कधी चुकले, कधी बंद पडले याची नोंद मुलांना द्यावी. भिडेखातर "छान आहे" म्हणू नये. त्याने मूल शिकत नाही. तिसरी, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपल्या मुलीला घरकामातून सोडावे. मुलगा घरी आहेच. त्याने पाणी भरावे.

शेवटी एकच. आपल्या या वळसंगात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते एका विहिरीचे उद्घाटन झाले. त्या विहिरीत संवेदक सोडला तर पाणी किती हात खाली आहे ते तो बिनचूक सांगेल. पण ते पाणी कोणाला मिळावे आणि कोणाला नाकारले गेले, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते माणसालाच विचारावे लागते. तेव्हा यंत्र करायला मुलांना जरूर शिकवू या, पण ते कोणासाठी करायचे, हे विचारण्याची सवय त्यांना आपल्याकडूनच लागली पाहिजे.