शेततळ्यातील मासळी आणि मिठाचे पाणी
(संगमनेर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या शिकविणारा. मासळीवर बोलतो म्हणून हसू नका. आपल्या भागात शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडणारे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात तळे आटू लागले की सगळी मासळी एकदम काढावी लागते आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. उरलेली मिठाच्या पाण्यात टिकेल का? टिकेल, पण रीत कोणाची उचलता हे महत्त्वाचे.

हॉलंडमध्ये हेरिंग माशाचे कल्ले व बहुतेक आतडी काढतात, स्वादुपिंड मात्र ठेवतात. त्यातील पाचक रसाने मांस मुरते. मीठ बेताचेच घालतात आणि मासा न शिजविता खातात. ही युक्ती चौदाव्या शतकातील विलेम ब्यूकेल्सझोन याच्या नावावर सांगतात. तेथे निम्मे काम थंडी करते. शिवाय कृमींच्या धोक्यामुळे १९६८ पासून हा मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठविण्याचे बंधन आले.

आपल्या मलबार-कानडा किनाऱ्यावर अशी थंडी कुठली? तेथे बांगडा मीठ व आमसुलाच्या कुळातील एका आंबट फळाच्या साली घालून लाकडी पिंपात भरीत आणि सिलोनला पाठवीत. 'कोलंबो' पद्धत ती हीच. थंडीची उणीव आंबटपणाने भरून काढली.

आपल्याकडे दोन्ही नाही. म्हणून मिठात कंजुषी नको, आणि खारवून झाल्यावर वाळवणेही हवे. मासळी पहाटेच काढा. कल्ले, आतडी सगळी काढून पाठीतून चिरा, जाड मांसाला खाचा द्या, स्वच्छ धुवा. तीन-चार किलो मासळीस एक किलो मीठ थराथराने प्लास्टिकच्या पिंपात घाला. पत्र्याचा डबा नको. मासळीला पाणी सुटेल, कमी पडल्यास मिठाचे पाणी ओता. वर स्वच्छ दगडाचे वजन ठेवून दोन दिवस मुरू द्या.

अंडे तरंगले म्हणजे पाणी पुरेसे खारे झाले असे समजतात. ते खरे नाही; अंडे त्याच्या कितीतरी आधीच तरंगते. एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते. तळाशी न विरघळलेले मीठ शिल्लक दिसले पाहिजे. मासळीच्या पाण्याने खार पातळ होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

नंतर निथळून जमिनीपासून उंच जाळीवर वाळवा. लालसर चिकट थर आला किंवा वास बदलला तर पुरून टाका, कोंबड्यांनाही घालू नका. खाण्यापूर्वी गोड्या पाण्यात भिजवून चांगला शिजवा. तळ्यातला मासा कच्चा चाखूसुद्धा नये.