तापलेला सोरा



रसायनशास्त्रावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. हा विषय आम्हांला भट्टीने शिकवला.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग कणखर करण्यासाठी ते सुमारे ५०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्षाराच्या कुंडात बुडवतात. हा क्षार म्हणजे सोडियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट किंवा दोहोंचे मिश्रण. पोटॅशियम नायट्रेट म्हणजेच आपला सोरा. अशाच एका कुंडाबद्दल आम्ही तक्रार नेली, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "अहो, मीठ कधी जळते काय?"

शब्दाने हे खरे आहे. सोरा स्वतः जळत नाही; पण दुसऱ्याला जाळायला लागणारा प्राणवायू तो पोटात बाळगून असतो. स्वीडनमध्ये औषधाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या कार्ल शेले याने अठराव्या शतकात सोरा तापवून हा वायू मिळवला आणि त्याला 'अग्निवायू' म्हटले. हे नाव भट्टीवरच्या माणसाला सहज पटेल.

सोडियम नायट्रेट ३०८ अंशांना वितळते, सोरा ३३४ अंशांना. उष्णता आणखी वाढवली की त्यांतून प्राणवायू सुटू लागतो आणि मागे नायट्राइट उरते. ८५ किलो सोडियम नायट्रेटाचे असे पूर्ण विघटन झाले, तर १६ किलो प्राणवायू बाहेर पडतो. त्याहून अधिक तापवले की नायट्राइटही फुटते, आणि छातीला घातक असे नायट्रोजनचे वायू निघतात. लिथियमचे नायट्रेट तर आपल्या या भावंडांहून लवकर फुटते आणि तांबूस विषारी धूर सोडते.

आता कुंडात तेल, काजळी किंवा कोळसा पडला तर काय होईल, हे सांगायला नको. अशी आग झाकून विझत नाही, कारण तिला बाहेरच्या हवेची गरजच नसते. पाणी ओतले तर त्याची क्षणात वाफ होऊन तापलेला क्षार अंगावर उडतो. तळाशी गाळ साचला, तर वरचा तापमापक ठीक आकडा दाखवतो आणि खाली कढई लाल होत असते.

सूर्याच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या केंद्रांत हेच दोन क्षार ६० आणि ४० या प्रमाणात मिसळून उष्णता साठवतात, आणि सुमारे ५६५ अंशांपुढे सहसा नेत नाहीत. क्षाराची मर्यादा तेथे यंत्राच्या हिशेबात धरलेली असते. मग माणसाच्या हिशेबात का धरू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत : दुसरा, स्वतंत्र तापमापक, जो मर्यादा ओलांडताच भट्टी बंद करील, ठरल्या वेळी गाळ काढणे, आत जाणारा प्रत्येक भाग कोरडा आणि तेलरहित, आणि कुंडाजवळ उभ्या असलेल्या कामगाराला हे सारे त्याच्या भाषेत समजावून सांगणे. यांतली शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे, आणि तिच्यासाठीच आम्हांला सर्वांत जास्त भांडावे लागले आहे.