घरातला धंदा आणि विम्याचा कागद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विमा हा विषय दिला तेव्हा आमची सौ. म्हणाली, "लोक उठून जातील." विमा म्हटलं की एजंट आठवतो आणि एजंट म्हटलं की माणूस दार लावून घेतो. मी काही विकायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. विम्याचे कागद हजारोंनी हाताळले. हाताळले म्हणजे वाचले, असं मात्र नाही. आज बोलायचं ते त्याबद्दलच.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा बहुतेक सगळे नोकरदार होतो. आता जिन्यानं एकदा वर जाऊन बघा. कुठं शिकवणी, कुठं शिवणकाम, कुठं पोळीभाजीचे डबे, पार्लर, टॅक्सचं काम. घराचंच दुकान झालंय. विम्याच्या कागदाला मात्र हे अजून कळलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ शाहूपुरीत तळमजल्यावर राहतो. त्याची मंडळी कांदा-लसूण चटणी करून विकते. आधी भाड्याच्या गाळ्यात करायची, २०१७ साली गाळा सोडून कांडप यंत्रासकट सगळं घरी आणलं. बँकेचं कर्ज होतंच. तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "भावजी, विम्याचं काय बघायला लागतंय का?" मी म्हणालो, "बँक बघते ते. तू चटणी बघ."

ऑगस्ट २०१९ सगळ्यांना आठवतोय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गणपती तोंडावर आलेले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत वर्षभराची कमाई मूर्तींच्या रूपानं घरात उभी होती, आणि पाणी शिरलं. भावाच्या घरीही तेच. पाणी ओसरल्यावर आम्ही दार उघडलं तर चटणीचा लाल चिखल भिंतीला माझ्या छातीपर्यंत लागलेला. तो वास आठवला की अजून डोळ्यांत पाणी येतं, आणि ते मिरचीमुळं नव्हे.

आता गंमत बघा. विमे दोन होते. एक बँकेनं उतरवलेला, एक भावानं घरासाठी घेतलेला. बँकेच्या पॉलिसीवर पत्ता होता जुन्या गाळ्याचा. दरवर्षी नूतनीकरण होत होतं, हप्ता तिच्या खात्याला नावे पडत होता, पत्ता तोच. कंपनी म्हणाली, या पत्त्यावर नुकसान झालेलं नाही. घराच्या पॉलिसीत फ्रीज, कपाट, अंथरूण-पांघरूण धरलं, पण विक्रीचा माल हे घरगुती सामान नव्हे. दोन विम्यांच्या मधल्या फटीत साडेतीन लाखांची चटणी गेली. कोणाचं चुकलं? बँकेचं थोडं, पण मी तिथं बसत होतो तेव्हा मीही हेच करत होतो. सही घ्यायची, पॉलिसी फाईलला लावायची, ग्राहकाला कॉपी द्यायची म्हणजे झेरॉक्सचा खर्च! आणि ही पॉलिसी मुळात बँकेच्या पैशाच्या सुरक्षेसाठी असते. भरपाई आली तरी पहिला हक्क बँकेचा. कर्ज दोन लाख म्हणून विमाही दोन लाखांचा, असंही आम्ही सर्रास करायचो. घरात माल किती आहे ते कोण बघतो?

पुढची चूक तर पूर्ण माझी. जानेवारी २०२१ मध्ये मी स्वतः बसून तिला धंद्याची वेगळी पॉलिसी काढून दिली. घरातला माल मोजला, दोन लाखांचा भरला, दोन लाख लिहिले. जुलैत पंचगंगा परत आली. या वेळी पोरांनी बरेचसे डबे वरच्या मजल्यावर नेले, तरी एक लाख वीस हजारांचा माल भिजला. सर्व्हेअरनं वह्या बघून सांगितलं, पुराच्या दिवशी एकूण माल चार लाखांचा होता, विमा निम्म्याचा, म्हणून भरपाईही निम्मी. साठ हजार, त्यातून पुन्हा नियमाप्रमाणे वजावट. चटणी मार्च ते मे मध्ये होते आणि वर्षभर विकली जाते, म्हणजे जून-जुलैत माल सर्वांत जास्त. पूरही तेव्हाच. जानेवारीत माल मोजणारा मी शहाणा! गणपतीच्या मूर्तींचं, दिवाळीच्या फराळाचं, शाळेच्या गणवेशांचं हेच आहे. ज्या महिन्यात घर मालानं भरलेलं असतं, त्या महिन्याची रक्कम विम्याला लावायची.

एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यावी लागते. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती चालते. आग, पूर, भूकंप त्यात येतात. विम्याची रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तर चालवून घेतात, निम्मी पडली तर नाही. नुसत्या चोरीसाठी वेगळी पॉलिसी लागते, हे एजंट विचारल्याशिवाय सांगत नाही. आपल्या सोसायटीची पॉलिसी इमारतीची आहे, तुमच्या शिलाई मशीनची नाही. आणि शिकवणीचं पोर जिन्यात पडलं किंवा डब्यातून कोणाला बाधा झाली, तर त्या जबाबदारीचा विमा निराळा असतो, तो विचारून घ्या.

मालाचं झालं, आता माणसाचं. "मुलाच्या कंपनीची मेडिक्लेम आहे" असं बरेच जण म्हणतात. मुलानं नोकरी सोडली की ती गेली, आणि साठीत नवी घेताना बीपी-शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. फॉर्मवर आजार लपवू नका. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देते, पण हात मोडून दोन महिने मशीन बंद राहिलं तर घर कशावर चालणार? त्यासाठी वैयक्तिक अपघात विम्यात आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी सोय असते. तिथं आणि आयुर्विम्यातही उत्पन्नाचा पुरावा मागतात. टॅक्स वाचवायला रिटर्नमध्ये कमी उत्पन्न दाखवणाऱ्यांना तिथं ठेच लागते. काहीच नसेल तर बचत खात्यातून वर्षाला २० रुपये जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी चालू आहे का बघा. वयाच्या सत्तरीपर्यंत मिळतो, अपघाती मृत्यूला दोन लाख.

कर्ज काढून धंदा करणाऱ्या पुरुषांना एक खास सांगतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ सालचा कायदा आहे. आयुर्विमा घेतानाच त्याखाली बायको-मुलांच्या नावे केला, तर ती रक्कम सावकाराला किंवा बँकेला सहसा ओढता येत नाही. आम्ही बँकवाले हे कधी सांगत नव्हतो, कारण उघड आहे.

दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. कोल्हापूर त्यांच्याकडेच येतं. फी नाही, वकील नाही, पण वर्षाच्या आत जायला हवं. भावजयीच्या वेळी मला हे सुचेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं.

आता ती दर मे महिन्यात फोन करते, "भावजी, रक्कम वाढवायची वेळ झाली." मी पत्ता वाचून दाखवायला सांगतो. वैतागते, पण वाचते.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो. आपापल्या पॉलिसी घेऊन या, बँकेकडे अडकलेली असेल तर कॉपी मागून आणा. बारीक अक्षरांसाठी भिंग मी ठेवलंय.