प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं नाही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतला, पाण्याच्या टाकीसकट. मी एकाच आजाराबद्दल बोलतो.

पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट उतरल्या, की आपण डेंग्यू म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण क्वचित हिमोग्लोबिनही झपाट्यानं उतरतं, अंगावर लाल-जांभळे ठिपके येतात, माणूस असंबद्ध बोलतो. तेव्हा टीटीपीची शंका घ्यावी. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मॉस्कोविट्झ यांनी १६ वर्षांच्या मुलीत हा आजार प्रथम नोंदवला.

रक्तात एक चिकट, लांब धागा असतो. तो कापणारी कात्री म्हणजे अ‍ॅडॅमटीएस-१३ हे एन्झाइम. शरीर आपल्याच कात्रीवर उलटतं, अँटिबॉडी तयार करतं. मग न कापलेल्या धाग्यांना प्लेटलेट चिकटतात. मेंदू, हृदय, किडनीच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. तिथून जाताना लाल पेशी फाटतात. ते तुकडे साध्या स्मिअरमध्ये दिसतात, म्हणून मशीनच्या आकड्यावर थांबू नका, 'स्मिअर पाहिला का?' एवढं विचारा. आणि 'प्लेटलेटची पिशवी चढवाच' असा हट्ट नको. या आजारात जिवावरचा रक्तस्राव नसेल तर ती टाळतात.

उपचार म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज. मशीन पेशंटचा प्लाझ्मा अँटिबॉडीसकट काढतं आणि दात्यांचा घालतं. प्लेटलेट दीड लाखावर टिकेपर्यंत रोज, सोबत स्टिरॉइड. उपचाराविना दहातले नऊ दगावत. कॅनडातल्या १०२ पेशंटांच्या अभ्यासात (१९९१) सहा महिन्यांनी एक्स्चेंजवाले ७८ टक्के जगले, नुसता प्लाझ्मा चढवलेले ६३ टक्के.

आता हिशेब बघा. एका वेळेस अडीच-तीन लिटर प्लाझ्मा लागतो. एका रक्तपिशवीतून निघतो साधारण २०० मिली. म्हणजे बारा-पंधरा दाते, आणि तेही रोज! गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो, म्हणून गरज नसतानाचं रक्तदानच इथं कामी येतं. एबी गटवाल्यांचं रक्त फारसं कुणी मागत नाही, पण त्यांचा प्लाझ्मा कुठल्याही गटाला चालतो.

बुलढाण्याहून पेशंट मोठ्या शहरात न्यायचा तर निघण्याआधी फोन करा : मशीन चालू आहे का, प्लाझ्मा किती शिल्लक आहे? पोचेपर्यंत इथंच साधा प्लाझ्मा सुरू करता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. आपल्या एबीवाल्यांनी कार्यक्रम संपल्यावर नावं द्या, यादी सचिवांकडं राहील.