जागणाऱ्यांची काळजी कोणी घ्यायची?

(रुग्णसेवेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. अतिदक्षता विभागाशी माझा परिचय झाला तो त्याच्या दाराबाहेरील बाकड्यावर. वडिलांच्या आजारपणात अकरा रात्री मी तिथे बसलो. तेवढ्या काळात रात्रपाळीचे डॉक्टर तीनदा बदलले. एक नोकरी सोडून गेले, दुसरे जास्त पगारावर अन्यत्र गेले. वडिलांना पेनिसिलिनचे वावडे आहे, हे तिसऱ्यांना मीच सांगितले. नोंद कागदावर होती, पण ती वाचण्याइतकी उसंत त्या तरुणाला मिळालेली नव्हती. त्या रात्री मी त्याच्यावर चिडलो. राग खरा होता, माणूस मात्र चुकीचा होता.

या विझून जाण्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ही संज्ञा मांडली, ती न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. आपण सारे सेवाकार्याशी जोडलेले आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सेवाभाव असला की माणूस थकत नाही, हा आपला एक लाडका समज आहे. आणि ही संज्ञा तर सेवाभावी माणसांवरूनच जन्माला आली!

अतिदक्षता विभागाचा उगमही पाहण्यासारखा आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत हाताने पिशवी दाबून हवा भरण्याची पद्धत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने अवलंबिली. यंत्रे अपुरी होती. तेव्हा सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, अहोरात्र त्या पिशव्या दाबल्या. म्हणजे हे शास्त्र उभे राहिले तेच अनेक हातांवर. आज आपल्या शहरांतील कित्येक खासगी रुग्णालयांत रात्री दहा-बारा खाटांमागे एकच तरुण डॉक्टर असतो. मॉनिटरचे भोंगे, व्हेंटिलेटर, मध्येच बंद पडलेले एखादे हृदय, आणि मग बाहेर येऊन नातेवाइकांना वाईट बातमी सांगणे. ‘काहीही करा, पण वाचवा’ म्हणणारे कुटुंब दुसऱ्या दिवशी बिल पाहून त्याच्याच अंगावर धावून जाते. निष्फळ उपचार थांबविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मार्ग आखून दिला, २०२३ मध्ये तो सुलभही केला. तरी घरच्यांशी तो विषय काढायचा कोणी? त्यानेच.

निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ४८ तासांचे असावे, असा केंद्राचा निर्देश १९९२ चा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने ७४ तासांहून अधिक काम नको, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो आणि यालाच सुधारणा म्हणायचे! मग कोणी परदेशी जातो, कोणी रात्री नसलेली शाखा धरतो. सोडून जाणाऱ्याबरोबर त्या विभागाची जाणही जाते; कोणते यंत्र कधी दगा देते, हे नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

डॉक्टरला देव म्हटले की आपण मोकळे होतो. देवाला झोप लागत नाही, रजा लागत नाही. परंतु चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. आपण तिघांचा भार एकावर टाकला आणि वर परंपरेचे नाव घेतले. स्पष्ट बोलतो, राग मानू नये : ‘सेवा’ हा शब्द कमी मनुष्यबळावर काम भागविण्यासाठी वापरला जातो आणि आपल्या विचारांच्या संस्थांनीही हे स्वतःला विचारले पाहिजे.

मुंबईत नाना पालकर स्मृती समितीने बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाचा प्रश्न हाती घेतला. तसा हा बाकड्याचा प्रश्न आपण घ्यावा. आपापल्या गावातील अतिदक्षता विभागाबाहेर रात्री दोन कार्यकर्ते बसोत. रक्तपेढीची धावपळ, औषधे, योजनांचे कागद, भांबावलेल्या माणसाला पाणी देऊन शांत करणे, एवढे केले तरी आतल्या डॉक्टरचा अर्धा तास वाचेल. मात्र पाळ्या लावा. एकाच उत्साही कार्यकर्त्यावर सगळ्या रात्री टाकू नका. पंधरा दिवसांत तोही येईनासा होईल.