मुकोनोचे विद्यापीठ आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणावर बोलायचे म्हणजे अलीगढचे उदाहरण द्यायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र आज आपल्याला आफ्रिकेतील युगांडा देशात, एका ख्रिस्ती विद्यापीठाकडे घेऊन जाणार आहे. इल्म जिथे मिळेल तिथून घ्यावे, ही शिकवण आपल्या घरातलीच आहे.

कंपाला या राजधानीच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर मुकोनो नावाचे गाव आहे. तेथे १९१३ साली अँग्लिकन चर्चचे धर्मशिक्षण महाविद्यालय उभे राहिले. त्याला बिशप आल्फ्रेड टकर यांचे नाव मिळाले. परदेशी मिशनऱ्यांच्या बरोबरीने स्थानिक धर्मगुरूंनाही अधिकार मिळावेत, असा आग्रह धरणारा हा माणूस. पुढील चौऱ्याऐंशी वर्षे ही संस्था मुख्यतः धर्मगुरू तयार करीत राहिली.

मग विद्यापीठाचा विचार का आला? त्या देशात मकेरेरे ही उच्च शिक्षणाची जुनी संस्था. १९२२ साली चौदा मुलांची तंत्रशाळा म्हणून ती सुरू झाली आणि १९७० साली स्वतंत्र विद्यापीठ बनली. १९८८ पर्यंत सबंध देशात विद्यापीठ एवढे एकच! त्यात १९७१ ते १९७९ ही इदी अमीनची राजवट. १९७२ साली हजारो आशियाई लोकांना, त्यांत आपल्या देशातून गेलेली कित्येक मुस्लिम कुटुंबेही होती, देशाबाहेर काढले गेले. शिकलेली माणसे पांगली. मुले हुशार, पण जागा मूठभर, अशी स्थिती झाली.

१९९७ साली युगांडाच्या चर्चने मुकोनोच्या त्याच जागेत 'युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी' सुरू केली. त्याच वर्षी सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत करण्याची योजना हाती घेतली. ती मुले उद्या वरच्या वर्गांत येणार, हे उघडच होते. जमीन, इमारती, ग्रंथालय जुनेच होते. धर्मशास्त्राच्या जोडीला कायदा, शिक्षणशास्त्र, व्यापार, पत्रकारिता, समाजकार्य हे विषय आले. २००४ साली सरकारने सनद दिली. अशी सनद मिळालेले ते देशातील पहिले खाजगी विद्यापीठ. २०१८ साली वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले, तेही डॉ. अल्बर्ट कुक यांनी १८९७ साली स्थापन केलेल्या मेंगो रुग्णालयाच्या साहाय्याने. म्हणजे आजोबांनी लावलेल्या झाडाखाली नातवंडे बसली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाजगी विद्यापीठाचा मुख्य आधार विद्यार्थ्यांची फी. गरीब शेतकऱ्याला ती जड जाते. शिवाय कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला बायबलचा पायाभूत अभ्यास करावाच लागतो.

इथेच आपल्या कामाचा प्रश्न येतो. युगांडात इस्लाम ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या आधी, अरब व्यापाऱ्यांबरोबर पोहोचला. पण शाळा मिशनऱ्यांनी काढल्या. मूल शाळेत गेले तर धर्म सोडील, ही भीती मुस्लिम पालकांना वाटली. ती भीती खोटी नव्हती. मिशन शाळांत मुलांचे धर्मांतर होत असे. पण भीतीवर उपाय म्हणून मूल घरी ठेवले गेले, आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात खुर्च्या दुसऱ्यांच्या झाल्या.

खरा उपाय फार उशिरा सापडला. १९७४ साली लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेत आफ्रिकेत विद्यापीठ काढण्याचे ठरले आणि १९८८ साली युगांडातील म्बाले येथे इस्लामिक युनिव्हर्सिटी सुरू झाली. आरंभी विद्यार्थी अवघे ऐंशी. पण त्या देशातील पहिले खाजगी विद्यापीठ हेच, मुकोनोच्या नऊ वर्षे आधीचे! तिथे मुस्लिमेतर मुलेही शिकतात. पुढे २००८ साली कंपालाजवळ मुलींसाठी वेगळे आवारही सुरू झाले. २०१४ च्या जनगणनेत जो समाज शेकडा चौदाच्या आसपास भरला, त्याच्यासाठी ही कामगिरी लहान नाही.

पालकहो, दीन जाईल या धास्तीने मुलीला सातवीनंतर घरी बसवणारे बाप आपल्यातही आहेत. त्यांच्या धास्तीची मी थट्टा करणार नाही. परंतु मुलीला घरी बसवल्याने दीन राखला जातो, असा अनुभव युगांडाच्या मुसलमानांनाही आला नाही. शाळा नको वाटत असेल तर चांगली शाळा काढा. दूर वाटत असेल तर वसतिगृह बांधा. फी जड वाटत असेल तर जकात आणि सदक्यातून शिष्यवृत्ती द्या. मात्र दाखला काढू नका.

विद्यार्थी मित्रांनो, मुकोनोला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. आपली संस्था त्या मानाने अजून तरुण आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या इथेच शिकवायला परत आला, तर आजचा हा खटाटोप सार्थकी लागला असे आम्ही समजू.