ओपन स्पेस आणि कांचा गचीबावली

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)



पाचच मिनिटं दिलीत, म्हणून सरळ बोलतो. विषय आपल्या ओपन स्पेसचा. पण सुरुवात हैदराबादहून करतो. १९५६ पर्यंत आपला कारभार तिथूनच चालायचा, आणि माझा पुतण्या आज तिथं नोकरीला आहे.

हैदराबाद विद्यापीठ १९७४ चं. त्याच्या आवाराला लागून कांचा गचीबावली नावाचं ४०० एकरांचं रान. कांचा म्हणजे चराऊ रान, आपलं गायरानच म्हणा. वर्षानुवर्षं ते विद्यापीठाचंच मानलं गेलं. मोर, चितळ, कासवं, सगळं तिथं. भोवती आयटीच्या इमारती उठल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. २०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, सुट्टी बघून जेसीबी आत शिरले. विद्यार्थी आडवे झाले, पोलिसांनी उचलले. सरकारचं म्हणणं एवढंच : जागा विद्यापीठाच्या नावावर कधी झालीच नाही, कागदोपत्री ती आमची, आणि तिथं जंगलाची नोंदही नाही.

३ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने काम थांबवलं आणि एवढी घाई कशाची होती, असं विचारलं. वास्तविक याच कोर्टाने १९९६ मध्ये सांगून ठेवलंय, की मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगल. पण तोवर सुमारे शंभर एकर साफ झालं होतं.

आता पुण्याचं बघा. गणेशखिंडची ब्रिटिश काळातली बाग, सुमारे ३३ हेक्टर, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची. ऐन शहरात, म्हणजे भाव किती असेल! पण २०२० मध्ये राज्य शासनाने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सरकारदरबारी तशी नोंद झाली.

आता आपल्याकडे येतो. मागच्या सभेत ओपन स्पेसमध्ये गाळे काढायच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला बोलू? पाण्याच्या टाकीची दुरुस्ती निघालीय, भाडं आलं तर बरंच होईल. म्हणून मागच्या महिन्यात सातबारा काढला, तर नाव अजून मूळ मालकाचंच! आपण पंचवीस वर्षं लिंबाला पाणी घालतोय, उन्हाळ्यात बाया तिथं पापड वाळवतात, लग्नाचा मांडवही तिथंच पडतो. आणि उद्या मालकाच्या नातवाने जेसीबी आणला तर आपण काय दाखवणार? पापड?

म्हणून गाळ्यांचं राहू द्या. आधी मंजूर लेआउटची प्रत काढून उताऱ्यावर 'खुली जागा' अशी नोंद करून घेऊ. झाडं मोजू. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला अर्ज देऊन ती लोक जैवविविधता नोंदवहीत चढवू. टाकीसाठी घरटी वर्गणी काढू, माझी पहिली घ्या.

ठरावाचा मसुदा लिहून आणलाय. सूचक मी. अनुमोदक कोण, तेवढं बोला.